बोरीचं पाणी, फ्रिसलँडची नाव

हो, खरंच सांगतोय. तुमची मावशी नावेत बसली होती आणि नावेखालून मोटारी जात होत्या. मालमोटारीसुद्धा. वर कालवा, कालव्यावर मावशीची नाव, आणि त्या कालव्याच्या खाली भरधाव महामार्ग. तिनं फोनवर पाठवलेलं चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलं, तरी धाकटा म्हणतो, "आबा, हे कॉम्प्युटरवर केलंय." नाही रे बाळा. बसा सगळे इथं ओट्यावर. ही गोष्ट घाईनं सांगण्यासारखी नाही.

मावशी राहते नेदरलँड्समध्ये, आम्स्टेलवीन नावाच्या गावात. आम्स्टरडॅमला लागूनच आहे ते, आणि आपल्या देशातली पुष्कळ कुटुंबं नोकरीनिमित्त तिथं स्थिरावली आहेत. मावशी, तुमचे काका, त्यांच्या ओळखीचं एक लातूरकडचं जोडपं आणि एक सोलापूरचं, अशा सहा जणांनी मिळून उन्हाळ्याच्या सुट्टीत मोटरबोट भाड्यानं घेतली. उत्तरेला फ्रिसलँड प्रांत आहे, तिथल्या स्नेक गावातून. नावेत झोपायच्या खोल्या, छोटं स्वयंपाकघर, वर सुकाणूचं चाक. ज्वारीचं पीठ बरोबर होतंच, त्यामुळं भाकरी नावेतच झाल्या. तुम्ही विचारलंत की चालवायचं लायसन कुणाकडं होतं. कुणाकडंच नाही. तिथं नाव पंधरा मीटरपेक्षा आखूड असेल आणि ताशी २० किलोमीटरच्या वर पळणारी नसेल, तर परवाना लागत नाही. नाववाला दोर कसा फेकायचा, खुंट्याला कसा बांधायचा, मागं कसं यायचं हे शिकवतो आणि किल्ली हातात देतो.

आता त्या रस्त्याचं. स्नेकहून निघालं की प्रिन्सेस मार्ग्रीट नावाचा मोठा कालवा लागतो, आणि एका ठिकाणी ए-७ हा महामार्ग त्या कालव्याच्या खालून जातो. थोरलीनं लगेच शंका काढली आणि ती फार चांगली शंका होती: "आबा, एवढी नाव वरून गेली की खालच्या छतावर तिचं वजन पडत नसेल?"

उठा, आपण करूनच बघू. ते घंगाळ धान्याच्या काट्यावर ठेवा आणि काठोकाठ पाण्यानं भरा. किती भरलं? लिहून ठेवा. आता वाटीत दोन-चार गोटे घाला आणि ती अलगद पाण्यावर सोडा. सांडू दे पाणी, घाबरू नका. काट्यावरचं, घंगाळाच्या कडेचं पाणी पुसा आणि पुन्हा वजन बघा.

तेवढंच! गोट्यांसकट वाटी आत आली आणि काटा हलला नाही. वाटीनं आपल्या वजनाइतकंच पाणी बाहेर घालवलं. तरंगणारी प्रत्येक वस्तू नेमकं एवढंच करते. आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, कमी नाही आणि जास्त नाही. सिरॅक्यूजचा आर्किमिडीज बावीसशे वर्षांपूर्वी हे सांगून गेला. मावशीच्या नावेनं सारलेलं पाणी सांडत नाही, कारण कालवा पुढं तळ्यांना आणि दुसऱ्या कालव्यांना जोडलेला आहे. ते सगळीकडं पसरतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून बोगद्याच्या छतावर नाव असताना जेवढा भार असतो, तेवढाच ती गेल्यावरही असतो. हजार टनांचा मालवाहू पडाव सावकाश वरून गेला, तरी हिशेब हाच.

पण याच बोगद्याची एक खरी घडलेली गोष्ट आहे, ती ऐकून मी स्वतः कितीतरी वेळ विचार करत बसलो होतो. २०२२ च्या डिसेंबरात तिथला रस्ता काही सेंटिमीटर वर उचलला गेला. महामार्ग बंद करावा लागला. रस्ता वर कसा येईल? तर ऐका. त्या भागात जमीन खणली की हात-दोन हातांवर पाणी लागतं. अशा जमिनीत बोगदा म्हणजे काँक्रीटचा पोकळ खोका. पोकळ असल्यामुळं त्याला पाणी वर ढकलतं, वाटीला ढकललं तसंच. बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी जमिनीत खोल खांब रोवून बोगदा खाली ओढून धरला होता. इतर इमारतींचे खांब वजन पेलतात, इथले खांब तरंगायला निघालेल्या रस्त्याला धरून ठेवतात. त्यातले काही तुटले आणि रस्ता वर सरकला. मग वर जड वजनं आणून ठेवली आणि वाहतूक हळूहळू सुरू केली. वरून नावा जातात आणि खालचा रस्ताही तरंगू बघतो, असा तो देश आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुणी असा खांब रोवायला गेला तर पहार मोडेल. आपण बसलोय तो काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याचा. थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. या दगडात पाणी राहतं ते फटींमध्ये आणि वरच्या मुरमात. म्हणून तर एका शेतात विहिरीला पाणी लागतं आणि बांधापलीकडच्या शेतात बोअर कोरडी जाते. मावशीच्या प्रांतात पुष्कळ ठिकाणी जमीन दगडाची नाहीच. दलदलीत हजारो वर्षं गवत, लव्हाळे, शेवाळ मेलं, पाण्याखाली हवा नसल्यामुळं कुजलं नाही, आणि साचत गेलं. पीट म्हणतात त्याला. तपकिरी, हलकं, ओलं. वाळवलं की सरपणासारखं जळतं.

आता या पीटचा स्वभाव बघा. तिथल्या शेतकऱ्यांनी हजारेक वर्षांपूर्वी शेतीसाठी चर खणले आणि पाणी काढून दिलं. पाणी गेलं, हवा आत शिरली, आणि इतकी वर्षं न कुजलेलं ते सगळं कुजायला लागलं. कुजून त्याचा वायू झाला आणि हवेत गेला. म्हणजे जमीन अक्षरशः उडून जाऊ लागली आणि खचू लागली. खचली की पुन्हा पाणी साचतं. मग आणखी खोल चर. मग आणखी खचणं. असं करता करता आज त्या देशाचा चौथा हिस्सा समुद्राच्या पातळीपेक्षा खाली आहे. सगळ्यात खोल जागा पावणेसात मीटर खाली. मावशी विमानानं जिथं उतरते तो स्किपोल विमानतळ समुद्रापेक्षा तीन मीटरहून जास्त खोल आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथं मोठं तळं होतं. १८४९ ते १८५२ या वर्षांत वाफेची तीन अवाढव्य इंजिनं लावून ते उपसलं आणि तळाला शेती केली. तिथं आज विमानं उतरतात, तो एके काळचा तळ्याचा तळ आहे.

वाफ नव्हती तेव्हा काय करत असतील? वारा होता ना. पवनचक्की. पण एक चक्की पाणी फार तर दीडेक मीटर उचलते. त्यांना तीन-चार मीटर उचलायचं असे. मग त्यांनी एकामागं एक चक्क्या उभ्या केल्या. पहिलीनं तळातलं पाणी उचलून मधल्या चरात टाकायचं, दुसरीनं तिथून वरच्या चरात, तिसरीनं बांधापलीकडच्या कालव्यात. आम्स्टरडॅमच्या उत्तरेला बेमस्टर नावाचं सात हजार हेक्टरांचं तळं होतं. चाळीसहून अधिक चक्क्यांनी ते उपसलं. १६१० साली काम होत आलं होतं, तोच वादळात समुद्राकडचा बांध फुटला आणि तळं पुन्हा भरलं. त्या माणसांनी बांध अधिक उंच केला आणि पहिल्यापासून उपसायला घेतलं. १६१२ साली तळ उघडा पडला. आजही तिथं शेती आहे, आणि जगाचा वारसा म्हणून युनेस्कोनं ती जागा १९९९ साली नोंदली आहे.

१६१२ हे साल ध्यानात ठेवा. आता दुसरं साल सांगतो, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या नळदुर्गात चला.

बोरी नदी किल्ल्याजवळ वळण घेते. एका बाजूला नळदुर्ग, पलीकडं रणमंडळ. या दोन्हींच्या मध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात दगडी धरण बांधलं आणि त्या धरणाच्या भिंतीच्या पोटात महाल बसवला. पाणी महाल. मीर इमादीन नावाच्या माणसानं तो उभा केला, त्याचा फारसी शिलालेख तिथं आहे. साल १६१३. बघा, तिकडं हॉलंडात माणसं पाणी बाहेर काढण्यासाठी झटत होती, आणि पुढच्याच वर्षी इकडं पठारावरच्या माणसांनी पाणी आत कोंडून धरण्याचं काम पुरं केलं. दोघांना एकमेकांची वार्ताही नसावी. आणि मावशीची नाव जिथून सुटली त्या स्नेक गावात पाण्यावर एक दरवाजा आहे. दोन टोकदार बुरुज, मध्ये कमानी, त्यांच्या खालून पाणी. गावात येणाऱ्या नावांसाठी तटबंदीत ठेवलेली वेस होती ती. मावशीनं तिचं चित्र पाठवलं आणि खाली साल लिहिलं, तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. १६१३!

पाणी महालात तुम्ही जाऊन आलात. खिडकीत उभं राहिलात. पावसाळ्यात तलाव भरला की भिंतीवरच्या दोन वाटांनी पाणी खाली कोसळतं, त्यांना नर आणि मादी म्हणतात. खिडकीसमोर पाण्याचा पडदा, आणि आत माणूस कोरडा. तुम्ही तेव्हा विचारलं होतं, पाणी भिंतीला धरून आत का येत नाही? कारण ते वरून नुसतं पडत नाही, आधी पुढं धावत येतं. काठावरून सुटताना त्याला जो पुढचा वेग असतो तो पडतानाही कायम राहतो. खाली ओढ असते, पुढं वेग असतो, दोन्ही मिळून पाणी भिंतीपासून दूर वळण घेत उतरतं. जेवढं पाणी जास्त, तेवढा वेग जास्त, तेवढा पडदा भिंतीपासून लांब. तलाव जेमतेम भरलेला असताना मात्र बारीक धार दगडाला चिकटून ओघळते. गॅलिलिओ याच सुमारास इटलीत टेबलावरून गोळे घरंगळत सोडून ते कुठं पडतात हे मोजत होता. त्यानं त्याचं पुस्तक १६३८ मध्ये छापलं. नळदुर्गच्या कारागिरांनी गणित मांडलं होतं की नाही, कोण जाणे. पण पाण्याला त्यांनी बारकाईनं न्याहाळलं होतं यात मला तिळमात्र शंका नाही.

मला त्यांच्या धाडसाचं नवल याहून वेगळ्या कारणानं वाटतं. दगडी धरण उभं राहतं ते आपल्या वजनावर. पाणी ढकलत असतं आणि भिंत आपल्या भारानं जागेवर बसून असते. अशा भिंतीचा गाभा पोखरून त्यात खोल्या करायच्या, म्हणजे तिचं वजन कमी करायचं. तरीही ती चारशे वर्षं बोरीचे पूर झेलत उभी आहे. किती दगड ठेवला तर पोकळी परवडेल, याचा पक्का अंदाज असल्याशिवाय असं काम कुणी हाती घेत नाही.

पाणी किती ढकलतं, हेही बघा. विहिरीत बुडी मारली की कान दुखतात. एक मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर शंभर ग्रॅमचा दाब असतो, दहा मीटरवर एक किलोचा. विहीर लहान असो की उजनी एवढा जलाशय असो, त्यानं फरक पडत नाही. फक्त खोली मोजायची. हे पहिल्यांदा नीट मांडलं सायमन स्टेव्हिन नावाच्या माणसानं, १५८६ साली, डच भाषेत. ब्रुगमध्ये जन्मलेला, हॉलंडात कामाला आलेला. तो स्वतः पवनचक्क्या आणि कालव्यांची दारं यांच्यावर काम करायचा, म्हणून त्याला हा प्रश्न पडला.

तुमच्या इंग्रजीच्या पुस्तकातला तो मुलगा आठवतो का, बांधाच्या भोकात रात्रभर बोट घालून बसलेला? ती डच लोकांची गोष्ट नाही. मेरी मेप्स डॉज या अमेरिकेतल्या बाईंच्या १८६५ च्या पुस्तकामुळं ती जगभर गाजली. पण स्टेव्हिनचा नियम लावून बघा. भोक पाण्याखाली मीटरभर असेल आणि बोटाएवढं असेल, तर पलीकडं अख्खा समुद्र असला तरी बोटावर दाब शंभर-दोनशे ग्रॅमचा. पोरगं सहज थोपवील! खरा धोका वेगळाच असतो. मातीच्या बांधातून पाणी झिरपतं, झिरपताना बारीक रेती घेऊन जातं, मागं नळी तयार होते, नळी मोठी होते आणि बांध आतून पोकळ होऊन बसतो. आपल्या शेततळ्याच्या पाळीला खेकड्यानं बीळ केलं की आजी ओरडते ना, ती याच भीतीनं. झिरपलेलं पाणी स्वच्छ असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ यायला लागलं की धावत सुटायचं. डच माणूस बांधावर फिरताना हेच बघतो.

मावशीच्या प्रवासात एक प्रसंग घडला. त्या मोठ्या कालव्यात समोरून लांबलचक मालवाहू पडाव आला. काकांनी नाव काठाकडं घेतली. तर काठाचं पाणी अचानक ओसरलं! लव्हाळ्याच्या मुळ्या उघड्या पडल्या, नाव पडावाकडं ओढली जाऊ लागली. लातूरचे पाहुणे घाबरले. पडाव पुढं गेला आणि पाणी परत काठावर चढलं. काय झालं असेल? पडाव पुढचं पाणी ढकलतो, ते पाणी मागं जायला हवं, आणि जायला वाट काय ती त्याच्या दोन्ही अंगांना, अरुंद. अरुंद वाटेतून जायचं म्हणजे पाण्याला जोरात पळावं लागतं. आणि पळणाऱ्या पाण्याचा दाब कमी होतो, त्याची पातळी खाली बसते. हे शोधणारा डॅनियल बर्नूली फ्रिसलँडच्या शेजारच्याच ग्रोनिंगन गावी १७०० साली जन्मला. त्याच्या नियमावर आज विमानाच्या पंखांचं गणितही मांडतात. काकांना नाववाल्यानं आधी सांगून ठेवलं होतं की अशा वेळी वेग कमी करा, पण इंजिन बंद करू नका. सुकाणूच्या पात्यावरून पाणी वाहत राहिलं तरच नाव वळते. ते ऐकल्यामुळं निभावलं. अरुंद कालव्यांमध्ये माणसाच्या चालीपेक्षा थोडाच जास्त वेग ठेवायचा नियमही यासाठीच आहे. लाटांनी आणि या ओढीनं काठ ढासळतात.

पूल उघडायचा असला की दिवा लाल असतो, मग हिरवा होतो. काही गावांत पुलावरचा माणूस गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून खाली सोडतो आणि त्यात पुलाचे पैसे टाकायचे असतात. मावशीनं टाकले. सोलापूरच्या काकूंनी त्या बुटाचा फोटो सगळ्यांना पाठवला.

लेमर गावाशी त्यांना लॉक लागलं. पाण्याला जिना नसतो. एका बाजूचं पाणी वर, दुसऱ्या बाजूचं खाली, मग नाव चढणार कशी? दोन्ही टोकांना दारं असलेली पाण्याची लांबट खोली बांधतात. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, आणि वरच्या पाण्याकडची छोटी झडप उघडायची. वरचं पाणी आपलं आपण आत येतं आणि दोन्ही पातळ्या सारख्या होईपर्यंत थांबत नाही. नाव त्याबरोबर उचलली जाते. पंप नाही, नाव उचलायला क्रेन नाही. मग पुढचं दार उघडायचं आणि बाहेर पडायचं. जुन्या लॉकची दोन पाखं सरळ मिटत नाहीत, वरच्या पाण्याकडं टोक करून तिरपी मिटतात. त्यामुळं पाणीच त्यांना घट्ट दाबून धरतं. लेमरला उन्हाळ्यात दोन्ही पाण्यांमधला फरक एक-दीड वीत असतो. एवढाच? हो, पण तीस सेंटिमीटरचा फरक, सहा मीटर रुंद दार आणि तीन मीटर खोल पाणी धरून हिशेब केलात तर रेटा पाच टनांच्या आसपास येतो. म्हणून पातळी सारखी झाल्याशिवाय दार हलत नाही, आणि सारखी झाली की सहज उघडतं.

लेमरच्या पलीकडचं आयसल सरोवर म्हणजे पूर्वीचा समुद्रच. १९३२ साली ३२ किलोमीटरचा बांध घालून त्याचं तोंड बंद केलं, आणि ऱ्हाइनच्या फाट्याचं पाणी येऊन येऊन ते गोडं झालं. काठाला वाफेवर चालणारं पाणी उपसण्याचं केंद्र आहे, १९२० साली राणी विल्हेल्मिनानं सुरू केलेलं. जगात आजही चालणारं वाफेचं इतकं मोठं केंद्र दुसरं नाही. वादळी पावसात फ्रिसलँड बुडायला लागलं की ते चालू करतात, आणि मिनिटाला चाळीस लाख लिटर पाणी सरोवरात फेकतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या चार हजार टाक्या, एका मिनिटात.

आता मी तुम्हाला विचारतो. मावशीकडं वर्षाला पाऊस किती पडत असेल? आपल्या दुप्पट? दसपट? नाही रे. तिकडं साधारण साडेआठशे मिलिमीटर, आपल्याकडं सातशेच्या आसपास. फरक फार नाही! मग त्यांच्याकडं नावा आणि शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीनं पाणी, असं का? तिकडचा पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो, ऊन कोवळं असतं, पाणी उडून जात नाही. शिवाय ऱ्हाइन आणि म्यूज दुसऱ्या देशांतलं पाणी घेऊन त्यांच्या दारात येतात. आपला पाऊस चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो आणि उतारावरून निघून जातो. राहिलेलं चैत्र-वैशाखाचं ऊन पिऊन टाकतं. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा आणि भूमकडं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. शेतं वाहून गेली, माणसांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. तहानलेल्या तालुक्यांत पुरानं माणसं अडकली. तिकडंही १९५३ साली समुद्र आत घुसला आणि १,८३६ माणसं गेली. पण पाण्याचं काम बघायला त्यांच्याकडं तेराव्या शतकापासून पाणी-पंचायती आहेत, निवडून दिलेल्या, स्वतःचा कर घेणाऱ्या. आज अशा एकवीस आहेत. बांध, चर, पंप, पातळी, सगळं त्यांच्याकडं. आपल्या प्रत्येक नदीखोऱ्याला अशी कायमची, गावानं निवडलेली आणि पाण्यापलीकडं दुसरं काही न बघणारी मंडळी हवीत, असं मला मनापासून वाटतं.

थोरलीचा शेवटचा प्रश्न राहिला: नळदुर्गच्या तलावात नावेत बसलो, तर तसंच समुद्रापर्यंत जाता येईल का?

बोरीतून नाही. ऱ्हाइन नदी नेदरलँड्समध्ये शिरते तिथून समुद्रापर्यंत तिला जेमतेम दहा मीटर उतरायचं असतं. नळदुर्ग समुद्रापासून पाचशे मीटरहून उंच आहे, आणि बोरी पावसाळा सोडला तर बारीक होते. पण पाण्याला जाता येतं. बालाघाटाच्या माथ्यावर, तुळजापूर-धाराशिवकडं, पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले असं धरा. एक दक्षिणेच्या अंगाला पडला. तो बोरीत येतो, अक्कलकोटकडून भीमेला मिळतो, भीमा कृष्णेला, आणि वाटेतल्या धरणांनी अडवून ठेवलं नाही तर श्रीशैलम, नागार्जुनसागर करत विजयवाड्याला पोचतो. दुसरा उत्तरेच्या अंगाला. तो तेरणेत पडतो, गोरोबाकाकांच्या तेरवरून मांजरेत, मांजरेतून गोदावरीत, आणि राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम्‌च्या बंधाऱ्याला. तिथं सर आर्थर कॉटन यांनी १८५२ साली गोदावरी अडवली, आणि १८५५ साली विजयवाड्याला कृष्णाही अडवली गेली. दोन्हीकडून कालवे काढले, त्यांवर नावांसाठी लॉक बांधले आणि वर्षानुवर्षं त्यांतून भात आणि माणसं नावांनी गेली. कृष्णेकडून येणारा एक कालवा आणि गोदावरीकडून येणारा एक, हे दोन्ही एलुरू गावात एकमेकांना मिळतात. बालाघाटावर वेगळे झालेले आपले दोन थेंब तिथं, एलुरूच्या कालव्यात, पुन्हा एकत्र येऊ शकतात.